परत आलेली डाली

डाली परत आली ती भर सकाळी, ग्वाल्हेरची अख्खी छावणी ओट्यांवर ऊन खात बसलेली असताना. अंधारात आली असती तर मुकुंदरावांनी ती मागच्या दारानं आत घेतली असती आणि विषय संपला असता. पण उमाजीला लपूनछपून काही करता येत नसे. तो फौजेतला माणूस. संस्थानची फौज गेली, दफ्तरात पट्टेवाला होऊन त्याला बरीच वर्षं झाली, तरी चालणं काही गेलं नव्हतं. टोपली खांद्यावर घेऊन, रस्त्याच्या मधोमध, ताठ मानेनं तो आला आणि फाटकाशी उभा राहून त्यानं खडा आवाज दिला, ‘‘सरकार, डाली वापस आली.’’ समोरच्या ओट्यावर विजयाबाई वाल सोलत होत्या. त्यांचे हात थांबले. मुकुंदराव वाफ्यांमध्ये वेताच्या खुर्चीवर बसले होते आणि इतका वेळ स्वतःवरच खूश होते. ते उठले, धोतराचा सोगा खुर्चीत अडकला, खुर्ची कलंडली. ‘‘हळू बोल,’’ ते म्हणाले. उमाजी हळू बोलला, म्हणजे विजयाबाईंना ऐकू जाईल इतपत. ‘‘साहेब बोलले, आमच्याकडे हे चालत नाही. बोलले, काही काम असेल तर दफ्तरात येऊन सांगा म्हणावं. गुस्सा नाही केला, सरकार. हसून पण नाही बोलले.’’ टोपलीवरचं पिवळं फडकं जसंच्या तसं होतं, कडेला बायकोनं, शामलेनं, मारलेली गाठसुद्धा तशीच. मुकुंदरावांनी ते उचलून खाली बघितलं नाही. टोपली घेतली ती छातीशी धरूनच. ‘‘काय हो, कुणाकडून आली डाली?’’ विजयाबाईंनी विचारलंच. ‘‘आमचीच आहे,’’ मुकुंदराव म्हणाले, आणि हे इतकं खरं होतं की त्यांचे कान तापले.

वडिलांच्या वेळी डाली अशी परत येत नसे. वसंत पंचमीला वरच्या माणसाकडे बागेतल्या पहिल्या फुलांची टोपली न्यायची, ही त्यांच्या घराण्यातली रीतच होती. वडील दरबाराच्या नोकरीत होते. त्या दिवशी ते बसंती पागोटं बांधत, टोपलीत फुलं, आंब्याचा मोहोर आणि जवाच्या हिरव्या ओंब्या घालत, आणि लहानग्या मुकुंदाला बरोबर घेऊन सरदारसाहेबांच्या हवेलीवर जात. सरदारसाहेब बोलत फार कमी. फडकं बाजूला करत, टोपलीतलं एक फूल उचलत आणि ठेवून घेत. बस. एक फूल उचललं की डाली पावली. बाकीची टोपली आतल्या बायकांकडे जाई आणि येताना तिच्यात विडे नाहीतर गूळ घालून परत मिळे, कारण रिकामी टोपली परत पाठवणं अपशकुनाचं. भरलेली परत पाठवणं काय असतं, याला घरात शब्दच नव्हता. असं कधी झालंच नव्हतं. वडील परतताना अंमळ उंच दिसत. मुकुंदाला तेव्हा वाटे, आपणही मोठेपणी असंच एक फूल उचलून घेणाऱ्याच्या समोर उभं राहावं. आता विचार केला तर हे स्वप्न जरा विचित्रच होतं. उचलणारा व्हावं असं त्याला कधी वाटलंच नाही. मग संस्थान गेलं, मध्य भारत झाला, सरदारसाहेब वारले, वडीलही गेले. मुकुंदरावांनी मधल्या वर्षांत एकदोघा वरिष्ठांना डाल्या नेल्या होत्या. ते वरिष्ठ इकडचेच. त्यांनी फूल उचललं, ‘बाग कशी आहे, मुकुंदराव?’ म्हणून विचारलं, चहा दिला. पण यंदाचं सगळंच वेगळं होतं. दिवाळीच्या ऐन अवसेला मध्य भारत संपून मध्य प्रदेश झाला, मोती महालातलं सचिवालय उचलून भोपाळला गेलं. छावणीतल्या कितीतरी घरांना कुलपं लागली. मुकुंदरावांचं छोटंसं खातं अजून मागे राहिलं होतं. त्यातल्या कुणाला ग्वाल्हेरला ठेवायचं आणि कुणाला भोपाळला पाठवायचं हे ठरवायला जुन्या मध्य प्रदेशातून नवे साहेब आले होते. मराठीच, पण नागपूरकडचे. आणि ते ठरायचं होतं होळीच्या आत.

खरं सांगायचं तर मुकुंदरावांना भोपाळची भीती नव्हती. पगार तोच, काम तेच, राहायला दोन खोल्या मिळाल्या असत्या. त्यांना बाग सोडवत नव्हती, एवढंच. ही गोष्ट कुणाला सांगण्यासारखी नव्हती. लोक म्हातारे आईबाप सांगत, मुलांच्या शाळा सांगत, शेतीची भानगड सांगत. मुकुंदरावांची एकुलती मुलगी इंदूरला सुखात नांदत होती आणि आईबाप उरले नव्हते. साहेबांपुढे जाऊन काय म्हणणार? साहेब, माझी स्वीटपी फुलायला आली आहे? दसऱ्याला त्यांनी बी पेरलं होतं. सगळं शहर राज्य मोडल्याच्या, राज्य झाल्याच्या गप्पा करत होतं तेव्हा ते उकिडवे बसून पॅन्सीची रोपं एकेक वीत अंतरावर लावत होते. पौषात थंडीनं जीव खाल्ला; रात्री पाला पडेल, दंव गोठून रोपं करपतील म्हणून त्यांनी वाफ्यांवर पोती घातली, सकाळी काढली. आणि आता माघ. थंडीची धार गेली होती, उन्हात ऊब होती. कॅलेंडुला भडक नारिंगी, फ्लॉक्सचे रंगीबेरंगी गालिचे, पॅन्सीची ती मखमली, किंचित चिडल्यासारखी तोंडं. आणि कुंपणाच्या तारेवर चढलेली स्वीटपी – फिकी गुलाबी, जांभळी, पांढरी. उमाजी तिला सरळ ‘वाटाण्याची फुलं’ म्हणे. तिचा वास सकाळी नसे. ऊन चढलं की यायचा, हळूहळू, आणि मग माणूस जागचा हलत नसे. मुकुंदराव असे बसले की शामला आतून म्हणे, ‘‘दफ्तर आहे ना आज? की फुलंच पगार देणार आहेत?’’ त्यांना बरं वाटे. कुणी आपल्याला लाडानं निरुपयोगी म्हणावं यात एक सुख असतं.

पंचमीच्या सकाळी ते कात्री घेऊन वेलाशी उभे राहिले तेव्हा त्यांच्या मनात काय होतं? टोपली छातीशी धरून, ओसरीच्या पायरीवर, ते हेच शोधत होते. काही मागायचं नव्हतं. एक शब्द मागितला नव्हता, उमाजीकडे चिठ्ठीसुद्धा दिली नव्हती. रीत होती. घराण्याची रीत. इतकंच मनात असतं तर टोपली परत आल्यावर त्यांना राग आला असता, काय हा उर्मट माणूस, असं वाटलं असतं. राग येत नव्हता. उलट कुणीतरी भर रस्त्यात धोतर फेडावं तसं झालं होतं, आणि त्याचं कारण त्यांना माहीत होतं. वेलावरची सर्वांत लांब दांड्याची फुलं कापताना त्यांना वाटलं होतं, साहेबांना आवडतील. मग लगेच, श्वास घेऊन सोडावा इतक्या सहज, वाटलं होतं – साहेब म्हणतील, अशी बाग सोडायला लावून कशाला पाठवायचं या माणसाला. बस, एवढंच. पण हे वाटल्यावर त्यांनी आणखी दोन लांब दांडे कापले होते. नागपूरहून आलेल्या त्या माणसाला ना रीत ठाऊक, ना सरदारसाहेब, ना वडिलांचं पागोटं. आणि त्यानं बंद फडक्याच्या आतलं अचूक ओळखलं होतं.

‘‘काय हो, डाली घरातच?’’ शामला परसातून ओले हात पुसत आली. मुकुंदराव म्हणाले, ‘‘साहेब दौऱ्यावर गेलेत.’’ हे तोंडातून इतकं झटकन निघालं की त्यांनाच नवल वाटलं. ‘‘मग बाईसाहेब असतील ना?’’ ‘‘त्याही गेल्यात.’’ ‘‘अगबाई,’’ शामला म्हणाली, आणि तिनं टोपली त्यांच्या हातातून घेतली, फडकं सोडलं, ‘‘मग इतकी फुलं वाया थोडीच घालवायची आहेत?’’ तिनं घरातला एकेक तांब्या, फुलपात्रं, लोणच्याच्या रिकाम्या बरण्या काढल्या. दुपारपर्यंत घरात पाय ठेवायला जागा राहिली नाही. कोनाड्यात फुलं, घडवंचीवर फुलं, मुकुंदरावांच्या टेबलावर त्यांच्या चष्म्याशेजारी फुलं. वासानं त्यांचं डोकं दुखायला लागलं. दुसऱ्या दिवशी ते दफ्तरात गेले. साहेबांनी हाक मारली तेव्हा ते हातातला टाक तसाच घेऊन आत गेले. साहेबांनी एक जुना हुकूम कुठल्या सालचा ते विचारलं, त्यांनी सांगितलं, साहेब ‘बरं’ म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं. टाकून बोलले असते तर घरी येऊन शिव्या देता आल्या असत्या. हा माणूस काही घडलंच नाही असं वागत होता, आणि त्याच्या लेखी खरोखरच काही घडलं नसावं. तरुण होता, मुकुंदरावांच्या जावयापेक्षा थोडा मोठा. मान खाली घालून लिहिताना त्याच्या टाळूवर एक भोवरा दिसत होता. एवढ्याशा माणसापुढे आपली बाग आपण उपटून नेली होती, असं त्यांना वाटलं.

रथसप्तमीला शामलेचं हळदीकुंकू. संक्रांतीपासून बायकांचं हे चालू असतं, सप्तमीला संपतं. मुकुंदरावांना रिवाजाप्रमाणे मागच्या खोलीत कोंडून घ्यायचं होतं. एरवी त्यांना तिथे बसून बायकांचे आवाज ऐकायला आवडत. अर्धी मराठी, अर्धी हिंदी, मध्येच कुणाची तरी लहान मुलगी ‘आई, मुझे और हलवा चाहिए’ म्हणून भोकाड पसरे, आणि छावणीच्या जुन्या बायका ‘मराठीत माग’ म्हणून तिला दटावत. बाजूला गुलाबदाणीचं शिंपणं, अत्तराचा वास. यंदा शामलेनं वाण म्हणून फुलांच्या जुड्या बांधल्या होत्या. पंचमीच्या टोपलीतली पाण्यात ठेवून टिकवलेली, आणि त्यात आजची ताजी. ‘‘लोक कंगवे लुटतात, डब्या लुटतात, मी बाग लुटते,’’ ती सकाळी म्हणाली होती. ती आनंदात होती. मुकुंदराव तिच्याकडे बघून हसले होते आणि त्या हसण्याची त्यांना किळस आली होती. आता खाटेवर पडून ते ऐकत होते. विजयाबाई आल्या. त्या नेहमीसारख्या मोठ्यानं बोलत होत्या, डालीबद्दल काही बोलतील की काय म्हणून त्यांच्या प्रत्येक वाक्याच्या शेवटापर्यंत मुकुंदराव श्वास रोखून राहत होते. मग दाराशी टांगा थांबल्याचा आवाज आला. आणि शामलेचा उजळलेला आवाज, ‘‘या या, सुनंदाबाई, या ना. मला वाटलं, आपण अजून दौऱ्यावरच!’’

सुनंदाबाई म्हणजे साहेबांच्या बाई. शामलेनं त्यांना पंचमीच्या आदल्याच आठवड्यात दत्ताच्या देवळात गाठ पडली तेव्हा बोलावणं केलं होतं, आणि नवऱ्याला सांगायचं तिला सुचलं नव्हतं; बायकांच्या बोलावण्यात त्यांचा काय संबंध? ‘‘दौऱ्यावर?’’ परका, नागपुरी हेल असलेला आवाज म्हणाला. मुकुंदराव खाटेवर उठून बसले. आता ती म्हणणार, आम्ही तर कुठेच गेलो नव्हतो. पण ती थबकली, आणि मग म्हणाली, ‘‘हो, म्हणजे, आलो ना परत.’’ तिनं त्यांना सांभाळून घेतलं होतं. का, ते त्यांना कळेना. कळेना म्हणून ते आणखीच ओशाळले. ‘‘किती फुलं हो तुमच्याकडे! मी तर फाटकातच उभी राहून गेली. आमचंही होतं नागपूरला, सिव्हिल लाइन्समध्ये, एवढं मोठं आवार. आता नागपूर तिकडे गेलं, मुंबईकडे, आणि आम्ही इकडे. इथल्या बंगल्यात साधी तुळस नाही, बाप्पा.’’ बायका हसल्या. कुंकू लावल्याचा, ओटी भरल्याचा बांगड्यांचा आवाज. ‘‘आणि हे वाण,’’ शामला म्हणाली. ‘‘सगळ्यांत मोठी जुडी आपली.’’

मुकुंदरावांना ती जुडी न बघताच दिसली. ती टांग्यातून जाणार. बंगल्याच्या दिवाणखान्यात, भांड्यात, पाण्यात. संध्याकाळी साहेब येणार आणि बघणार तेच लांब दांडे. साहेब हसणार. अस्सं. पुढच्या दारानं घेतली नाही तर मागच्या दारानं, बायकोच्या हातून. हे लोक असे. त्यांना साहेबांचा तो चेहरा इतका स्पष्ट दिसला की अंगातून वाफ निघाली. एवढं एक झालं नाही पाहिजे. बाकी काही होवो, भोपाळ होवो, बस्तर होवो, पण हे नाही. ते मागच्या दारानं बाहेर पडले, घराला वळसा घालून, वाफे तुडवत – पॅन्सीवर पाय पडला हे त्यांना कळलं – फाटकापर्यंत आले तेव्हा सुनंदाबाई टांग्याच्या पायरीवर पाऊल ठेवत होत्या. एका हातात फुलं, केसांत शामलेनं खोचलेलं एक गुलाबी. शामला निरोप द्यायला फाटकात, मागे ओसरीवर सगळ्या बायका.

‘‘बाईसाहेब,’’ मुकुंदराव म्हणाले. ‘‘ती फुलं... ती द्या इकडे.’’

सुनंदाबाईंना वाटलं, ते टांग्यात चढायला मदत करताहेत. त्यांनी जुडी त्यांच्या हातात दिली आणि वर चढून पुन्हा हात पुढे केला. मुकुंदरावांनी जुडी पाठीमागे नेली. ‘‘नाही. ही नेऊ नका. साहेबांना आवडायचं नाही.’’

‘‘अहो!’’ शामला म्हणाली. एवढंच. तिच्या त्या आवाजासारखा आवाज त्यांनी लग्नानंतर कधी ऐकला नव्हता.

टांगेवाला घोड्याच्या मानेकडे बघत होता. सुनंदाबाईंचा पुढे आलेला हात तसाच राहिला आणि मग त्यांनी तो हळूच पदराखाली घेतला. त्यांचा चेहरा लाल झाला होता, पण त्यात राग नव्हता. मुकुंदराव जे तीन दिवस आरशात टाळत होते तेच त्यात होतं. त्या खाली वाकल्या, फक्त त्यांनाच ऐकू जाईल असं म्हणाल्या, ‘‘त्या दिवशी टोपली वापस करायच्या आधी मी फडक्याच्या कडेनं बोटं घालून एक काढून घेतलं होतं. जांभळं. यांना माहीत नाही. मग मलाच चोरी केल्यासारखं झालं. तेच सांगायला आली होती मी, बाईंना. आत इतक्या सगळ्या होत्या, बोलताच नाही आलं.’’ मग त्यांनी केसांतलं गुलाबी फूल काढलं, ते कुठे ठेवावं कळेना म्हणून फाटकाच्या दगडी खांबावर ठेवलं. टांगा गेला. एक फूल उचललं की डाली पावली. उचललं होतं. पंचमीलाच उचललं होतं, कुणीतरी, रीत ठाऊक नसताना, नुसतं आवडलं म्हणून. आणि ते ठेवूनही घेतलं होतं. मुकुंदराव जुडी धरून उभे राहिले. ओसरीवरून विजयाबाई म्हणाल्या, ‘‘चला बायांनो, अंधार पडायच्या आत.’’ अंधार पडायला अजून अवकाश होता. बायका त्यांच्याजवळून एकेक करून गेल्या, अंग चोरून. बऱ्याच जणी आपापल्या जुड्या ओसरीवर ठेवून गेल्या होत्या.

त्या रात्री मुकुंदरावांनी शामलेला सगळं सांगितलं, डाली परत आल्यापासून, आपल्याला काय वाटलं होतं ते, आणि ते दोन लांब दांडेसुद्धा. तिनं ऐकलं. डाली परत आली याचं तिला काही वाटलं नाही, दौऱ्याच्या थापेचंही फारसं नाही. ‘‘लोक वापस करतात कधी,’’ ती म्हणाली. ‘‘पण सवाष्णीच्या हातातलं वाण काढून घेतलंत तुम्ही. कुंकू लावून दिलेलं.’’ सकाळी ती देवपूजेची परडी घेऊन उठली आणि रोजच्यासारखी बागेकडे गेली नाही. परडी त्यांच्यासमोर ठेवली. ‘‘आजपासून देवाला बाजारातून फुलं आणत जा,’’ ती म्हणाली. आवाजात चीड नव्हती. भाजी आणा म्हणावं तशी ती बोलली आणि चुलीकडे वळली.

तेव्हापासून मुकुंदराव रोज सकाळी परडी घेऊन वाफ्यांमधून बाहेर पडतात आणि महाराज बाड्यावरच्या फुलबाजारात जातात. बागेत फुलं आहेत. स्वीटपीचं असं असतं की ती रोज तोडावी लागते. नाही तोडली तर शेंगा धरतात आणि वेल फुलायचा थांबतो. आता कुणी तोडत नाही. खुर्ची कलंडली होती ती त्यांनी सरळ केली, पण बसले नाहीत. मनातल्या मनात ते म्हणू लागले होते, पाठवा एकदाचं भोपाळला. दोन खोल्या, खिडकीत कुंडीसुद्धा नको. होळीला चार दिवस असताना हुकूम आला. मुकुंदराव ग्वाल्हेरलाच राहणार होते. या खात्याचे जुने हुकूम त्यांच्याइतके कुणाला माहीत नाहीत, असं साहेबांनी कारण दिलं होतं आणि ते खरंही होतं. भोपाळला निघालेले लोक त्यांच्याकडे बघून गप्प होत. उमाजी टेबलाजवळ आला, वाकला, आणि त्याच्यापरीनं हळू आवाजात म्हणाला, ‘‘पावली ना डाली, सरकार?’’ तो आनंदानं बोलला होता. सगळं दफ्तर ऐकत होतं. मुकुंदरावांनी ‘नाही’ म्हणायला तोंड उघडलं, आणि त्यांना ते म्हणता येईना.

दुसऱ्या दिवशी बाड्यावरच्या फुलवाल्यानं पळसाच्या पानावर झेंडू मोजून ठेवला आणि दोरा गुंडाळता गुंडाळता विचारलं, ‘‘बाबूजी, बुरा न मानें तो एक बात पूछूँ? आपके यहाँ तो खुद की बगिया है. छावनी में सब कहते हैं, ऐसे फूल किसी के नहीं. फिर रोज़ यहाँ?’’

‘‘पाला मार गया,’’ मुकुंदराव म्हणाले.

फुलवाल्याचा दोरा थांबला. त्यानं मान वर करून आभाळाकडे बघितलं, मग स्वतःच्या उघड्या दंडांवर पडलेल्या उन्हाकडे. ‘‘फागुन में?’’ तो म्हणाला.

मुकुंदरावांनी परडी पुढे केली.